कात्राबाईच्या खिंडीत उरलेले अडीच लिटर पाणी

रतनवाडीतून रतनगड चढायचा, गडावर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचे आणि तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड गाठायचा. अकोले तालुक्यातला हा रेंज ट्रेक डिसेंबरात सुखाचा असतो. मार्चअखेर तीच वाट वेगळी होते. ओढे आटलेले असतात, गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि दुपारी कातळ तापून तव्यासारखा होतो.

या प्रकरणातले आठ जण हा प्रातिनिधिक गट आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी या वाटेवर जे पुन्हा पुन्हा घडते, ते एकाच गटाच्या तीन दिवसांत बसवून इथे मांडले आहे. पाणी, मीठ आणि खाणे यांची मापे पुढच्या ट्रेकला जशीच्या तशी वापरता येतील अशी आहेत.

गट आणि बेत

सहा पुरुष, दोन स्त्रिया, वय २४ ते ४६. प्रत्येकाच्या पाठीवर ११ ते १३ किलोची सॅक. पाण्यासाठी प्रत्येकाकडे एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. शिधा भरपूर होता: पोहे, खिचडीचे तांदूळ-डाळ, नूडल्सची पाकिटे, बिस्किटे, फरसाण, चिवडा, चहा-साखर. वजन केले तर माणशी दिवसाला जवळपास ७०० ग्रॅम. म्हणजे अन्न कमी पडले असे कोणी म्हणू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीजवळ गट थांबला तेव्हाही सॅकमध्ये कित्येक किलो खाणे होते, पण ते कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हते.

वाटेतल्या पाण्याची माहिती त्यांनी काढली होती, पण ती डिसेंबरमधल्या एका ट्रेकच्या वर्णनातून. त्यात ‘खिंडीच्या अलीकडे ओढ्याला पाणी आहे’ असे होते. रतनवाडीत पोहोचल्यावर एका मुलाला विचारले, “ओढ्याला पाणी आहे का?” तो म्हणाला, “आहे.” तो खोटे बोलला नाही. ओढ्यात एका खळग्यात गुरे पितात तेवढे पाणी होते. गावात प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो: “मावशी, प्यायचं पाणी सध्या तुम्ही कुठून आणता?” या प्रश्नाचे उत्तर ओढा असे आले, तरच ओढ्याला पिण्याजोगे पाणी आहे. उत्तर गावची विहीर किंवा टँकर असे आले, तर वरच्या वाटेवर काही मिळणार नाही असे धरून चालावे.

पहिला दिवस: तूट इथूनच सुरू होते

रात्रीचा प्रवास, तीन तासांची झोप, पहाटे चहा आणि वडापाव. गाडीत वारंवार थांबावे लागू नये म्हणून रात्रभर कोणी फारसे पाणी प्यायले नव्हते. दोन्ही स्त्रियांनी तर मुद्दाम टाळले होते. ही गोष्ट फार थोडे गटप्रमुख उघडपणे बोलतात. आडोसा मिळेल की नाही याची खात्री नसली की स्त्रिया पाणीच कमी पितात. दर दोन तासांनी ‘दहा मिनिटे थांबू, स्त्रियांनी पुढच्या वळणावर जावे, पुरुषांनी इथेच बसावे’ असे प्रमुखाने आधीच जाहीर केले, की हा प्रश्न सुटतो. त्यासाठी कोणालाही विनंती करायला लावू नये.

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून वाट प्रवरेच्या उगमाकडच्या ओढ्याच्या साथीने जंगलात शिरते. पुढे एक फाटा रतनगडाच्या शिड्यांकडे जातो आणि एक कात्राबाईच्या खिंडीकडे. गट दुपारी शिड्या चढून गडावरच्या गुहेत पोहोचला. संध्याकाळी कातळात कोरलेल्या टाक्याचे पाणी काढले, गाळले, त्यात क्लोरीनचे थेंब टाकले. इथवर सगळे ठीक चालले होते. रात्री खिचडी झाली, पण दमलेल्यांनी अर्धीच खाल्ली. जेवणानंतर पाणी पिणे झाले नाही, कारण सकाळसाठी भरून ठेवलेल्या बाटल्यांना कोणी हात लावायचा नाही असे ठरले होते.

टाके शंभर पावलांवर असताना बाटल्या राखून ठेवण्यात काहीच मिळवले नाही. मुक्कामी पाणी असेल तर झोपण्याआधी पोट भरून प्यावे आणि रात्री एकदा लघवीला उठावे लागले तर ती चांगली खूण समजावी.

दुसरा दिवस, सकाळी साडेनऊ

बेत साडेसहाला निघण्याचा होता. उशिरा उठणे, गडावरचे नेढे (कातळातले आरपार भोक) पाहायला जाणे आणि सॅक बांधणे यांत तीन तास गेले. पोहे करायला वेळ उरला नाही. चहा आणि चार-चार बिस्किटे खाऊन गट निघाला. पाठीवर माणशी दोन लिटर, एकूण १६ लिटर.

आता हिशोब पाहा. मार्चअखेर, सॅकसह डोंगरात चालणाऱ्या माणसाचा घाम तासाला ७०० मिलिलिटर ते एक लिटर जातो, धिप्पाड माणसाचा त्याहून जास्त. साडेनऊ ते एक म्हणजे साडेतीन तास. माणशी गेलेला घाम सुमारे तीन लिटर. प्यायलेले पाणी माणशी पावणेदोन लिटरपेक्षा थोडे कमी. म्हणजे दुपारी एकला प्रत्येकाच्या अंगात सव्वा लिटरची तूट होती, त्यात आदल्या दिवसाची अर्धा-पाऊण लिटर मिळवायची. वजनाच्या दोन टक्के पाणी घटले की चाल मंदावते, डोके दुखू लागते, निर्णय चुकू लागतात. ७० किलोच्या माणसाला हे दोन टक्के म्हणजे १.४ लिटर. गटातले सगळेच या रेषेच्या पलीकडे गेले होते.

मिठाचा हिशोब याहून वाईट होता. एक लिटर घामातून सरासरी दोन-अडीच ग्रॅम मीठ जाते. माणसागणिक यात मोठा फरक असतो. ज्याच्या काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटतात त्याचे जास्त जाते. तीन लिटरमागे सहा-सात ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभराहून थोडे जास्त. बदल्यात चहा-बिस्किटांतून आलेले मीठ नगण्य होते. फरसाण खारे होते, पण कोरड्या तोंडाने ते चावणार कोण?

खिंडीच्या अलीकडे, दुपारी एक वाजून दहा मिनिटे

ओढ्यात पानांचा थर आणि चिखल. तिथून वीस मिनिटांवर ४६ वर्षांचे एक गृहस्थ खाली बसले. गेला तासभर ते बोलत नव्हते आणि सगळ्यांत मागे पडत होते. डोके दुखत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते, मळमळ होती. कोणीतरी अर्धी बाटली पुढे केली. त्यांनी ती एका दमात प्यायली आणि पाच मिनिटांत उलटी झाली.

त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि तिच्यात लघवी वाढवणारे औषधही होते. मिश्र गोळ्यांमध्ये हे नेहमीचे आहे. सकाळी त्यांनी ती नेहमीप्रमाणे घेतली होती. गटात कोणाला ते माहीत नव्हते. अशी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नसते. उन्हाळी ट्रेकच्या आधी डॉक्टरांना ‘तीन दिवस उन्हात चालणार आहे’ एवढे सांगून सल्ला घ्यायचा आणि गटप्रमुखाच्या कानावर घालायचे.

सगळ्यांच्या बाटल्या एकत्र आणल्या. आठ जणांत मिळून अडीच लिटर.

इथे गटाने घेतलेले निर्णय बरोबर होते आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिले काम: उष्माघात आहे का ते पाहणे. नाव, वार, आपण कुठे आहोत, हे विचारले. उत्तरे नीट आली. चाल अडखळत नव्हती, घाम येत होता, कपाळ गरम होते पण भाजत नव्हते. म्हणजे हा उष्णतेचा थकवा, उष्माघात नव्हे. बोलणे असंबद्ध झाले असते, तोल जात असता, झटके आले असते, तर पाणी पाजण्याचा विचार बाजूला ठेवून आधी अंग थंड करावे लागले असते. मिळेल त्या पाण्याने कपडे भिजवणे, जोराने वारा घालणे, मान-काखा-जांघांना ओले फडके लावणे, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. उष्माघातात थंड करणे आधी, हलवणे नंतर. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असे मात्र धरू नये. चालताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असते. आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी कधीच घालू नये.

दुसरे काम: सावली. खिंडीच्या अलीकडे जंगल दाट आहे, पलीकडची उतरण उघडी. उन्हात पुढे गेले असते तर तासाला माणशी लिटरभर घाम गेला असता. सावलीत पडून राहिल्यास त्याच्या एक चतुर्थांशही जात नाही. म्हणून सव्वाचारपर्यंत हलायचे नाही असे ठरले. गृहस्थांचे बूट-मोजे काढले, पाय सॅकवर ठेवले, ओल्या पंचाने मान पुसून वारा घातला.

तिसरे काम: अडीच लिटरची वाटणी. एक लिटर त्यांना, त्यात ओआरएसचे एक पाकीट. उलटीनंतर दहा मिनिटे काहीच दिले नाही. मग दर तीन मिनिटांनी दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर. तासाला ६०० मिलिलिटर पोटात जाते आणि मळमळ पुन्हा उसळत नाही. घटाघटा पिण्याने नेमके उलट झाले होते. पोट ताणले गेले की आधीच बिथरलेले शरीर ते बाहेर फेकते. पोटऱ्यांचे गोळे हळूहळू ताण देऊन आणि ओआरएसने पाऊण तासात गेले. उरलेल्या दीड लिटरमधून बाकी पाच जणांना १८० मिलिलिटर प्रत्येकी, आणि सगळ्यांत धडधाकट दोघांना ३०० मिलिलिटर. ते दोघे सव्वातीनला रिकाम्या बाटल्या आणि हलकी सॅक घेऊन कुमशेतकडे निघाले. वाट मळलेली होती, त्यांतल्या एकाने ती आधी केली होती, जोडीने जायचे होते आणि परतीची वेळ ठरलेली होती. या चार अटींपैकी एक जरी पुरी होत नसती, तर गट फोडणे चूक ठरले असते.

वाटून दिलेले पाणी लगेच प्यायला सांगितले, हेही योग्य. तहानलेल्या माणसाने बाटलीत पाणी जपून ठेवण्याने काही साधत नाही. जपायचा तो घाम.

ओआरएस का, साधे पाणी का नाही? आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी खेचले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाईन संपत आल्यावर मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून कॉलऱ्याच्या रुग्णांचे प्राण वाचवले. त्या साध्या पुडीची ताकद तेव्हा सिद्ध झाली. पुडी विकत घेताना हे सूत्र छापलेले आहे का ते वाचावे. गोड टेट्रापॅक पेये ओआरएस नव्हेत. त्यांत साखर बरीच जास्त आणि मीठ बरेच कमी असते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ‘सपाट’ हवा. शीग भरलेला मिठाचा चमचा उलटी घडवतो. आणि पुडी अर्धी-अर्धी करून ग्लासात घोळायची नाही, पूर्ण लिटरातच घालायची.

कुमशेत

पाचच्या सुमारास पुढे गेलेले ते दोघे भरलेल्या बाटल्या घेऊन वाटेत भेटले आणि गट अंधाराआधी गावात उतरला. उतरताच दोन तरुणांनी अर्ध्या तासात दोन-दोन लिटर साधे पाणी ओतून घेतले. दोघांचेही पोट फुगले, एकाला उलटी झाली. पोटातून आतड्यात तासाला साधारण लिटरभरच पाणी सरकते. मीठ न खाता ओतलेले पाणी लवकर लघवीवाटे निघूनही जाते. योग्य क्रम असा: पहिल्या पंधरा मिनिटांत दोन-अडीचशे मिलिलिटर, मग खारे काहीतरी, मग पुन्हा पाणी. रात्री गावातल्या एका घरी मिळालेले डाळ-भात, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पातळ ताक यांनी जे केले, ते पाण्याच्या दहा बाटल्यांनी झाले नसते. जेवण हेच मिठाचे आणि पाण्याचे सर्वांत चांगले वाहन आहे. भातात आणि आमटीत निम्म्याहून जास्त पाणीच असते.

मार्च ते मे या गावांत बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ-उतार करतात. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतले हे पाणी मागून घेताना ते पिण्यापुरतेच घ्यावे. भांडी घासायला, अंघोळीला मागू नये. जेवणाचे पैसे विचारून, पुरेसे द्यावेत.

गृहस्थांना रात्री साडेआठला बारा तासांनंतर पहिली लघवी झाली, गडद पिवळी. सकाळी रंग फिकट झाला होता, पण डोके जड होते. गटाने हरिश्चंद्रगड सोडला आणि जीप करून राजूरकडे निघाला. हा निर्णय बरोबर होता. एकदा उष्णतेने खाली बसलेले शरीर दुसऱ्या दिवशी उन्हाला आणखी लवकर हार मानते.

तोच ट्रेक, नव्याने मांडलेला

बाटली संपली तेव्हा चूक झाली नव्हती. ती आदल्या रात्री अर्ध्यावर सोडलेल्या खिचडीत, न केलेल्या पोह्यांत आणि साडेनऊच्या निघण्यात होती. म्हणून पाण्याचा आणि खाण्याचा बेत एकाच कागदावर लिहावा लागतो.

पाणी आधी. चालताना तासाला ५०० ते ७०० मिलिलिटर, सहा तासांचे तीन-चार लिटर. मुक्कामी प्यायला एक. स्वयंपाकाला सव्वा, हात-भांड्यांना पाव. एकूण दिवसाला माणशी सहा लिटरच्या आसपास. रतनगड ते कुमशेत या टप्प्यावर भरवशाचे पाणी नाही असे धरून निघताना पाठीवर माणशी चार लिटर आणि पोटात पाऊण. चार किलो वजन नकोसे वाटते. त्याबदल्यात फरसाण, जादा कपडे, दुसरा चाकू घरी ठेवावा. पाठीमागच्या पिशवीतून नळीने पिणे सोयीचे असते, पण किती उरले ते दिसत नाही आणि पिशवी फुटली की सगळेच जाते. दोन लिटर पिशवीत, दोन बाटल्यांत. शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या साध्या पाण्याच्या बाटल्यांपेक्षा जाड असतात. त्या पडून फुटत नाहीत आणि वजनाला नगण्य. शेवटचा एक लिटर ‘राखीव’. प्रमुखाला सांगितल्याशिवाय त्याचे झाकण उघडायचे नाही.

निघायची वेळ सहा. साडेदहा-अकरापर्यंत खिंड मागे टाकता आली तर माणशी लिटरभर घाम वाचतो. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित.

दर पंचवीस मिनिटांना हाक द्यायची आणि प्रत्येकाने सात-आठ घोट घ्यायचे. दोन बाटल्यांपैकी एकीत साधे पाणी, दुसरीत लिंबू-साखर-मीठ: लिटरमागे पाव सपाट चमचा मीठ, चार चमचे साखर, एक लिंबू. कोकमाचे आगळ घातले तर ते मुळातच खारे असते, मीठ वेगळे नको. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

टाक्याचे पाणी घेताना स्थानिकांना विचारून पिण्याचे टाके निवडावे. छताखालचे, खांबांचे, सावलीतले टाके उघड्या हिरव्या टाक्यापेक्षा बरे. भांडे दोरीने सोडावे, हात-पाय बुडवू नयेत, साबण टाक्यापासून दूर. जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या चार-आठ पदरी घडीतून गाळल्याने गाळ आणि पाण्यातले बारीक जीव अडतात. नारूच्या (पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमीच्या) काळात हंड्याच्या तोंडाला बांधलेले फडके महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात त्या फडक्याचा वाटा मोठा होता. पण गाळणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. तुरटीनेही गाळ फक्त खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

नळीसारखे पोकळ धागे असलेले फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, विषाणू नाही. आपल्याकडे पाण्यातून येणारी कावीळ विषाणूंची असते, म्हणून फिल्टर केलेल्या पाण्यालाही क्लोरीन हवे. क्लोरीनचे प्रमाण बाटलीवर छापल्याप्रमाणे, थांबायचे ३० मिनिटे. नंतर हलका वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच पुन्हा घालून पंधरा मिनिटे थांबावे. मागच्या वर्षी उघडलेली थेंबांची बाटली नेऊ नये, ती कमजोर होते. लिंबू, सरबताची पूड किंवा ओआरएस या ३० मिनिटांनंतरच. लिंबातले क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करते आणि पाणी अशुद्धच राहते. ही चूक अनुभवी लोकही करतात. उकळायचे असेल तर खळखळून एक मिनिट. रतनगड १२९७ मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांना उकळते आणि जंतू मारायला ते पुरेसे आहे.

मुक्कामी पोट बिघडते त्याचे कारण बऱ्याचदा पाणी नसून हात असतात. स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांवर साबणाने खर्च केलेले २०० मिलिलिटर पाणी कधीही वाया जात नाही. जुलाब सुरू झाले तर दिवसाला दोन-तीन लिटरची नवी गळती लागते आणि वरचा सगळा हिशोब कोलमडतो.

आता खाणे. सॅकसह दिवसभर चालणाऱ्याला सुमारे ३००० किलोकॅलरी लागतात. कसोटी दुसरीच आहे: कोरड्या तोंडाने, भूक मेली असताना, न शिजवता ते खाता येईल का? चिवडा, फरसाण, टोस्ट, बिस्किटे या कसोटीला उतरत नाहीत. त्यांना चावायला लाळ लागते आणि गिळायला पाणी.

पहाटे साडेपाचला पोहे: माणशी ८० ग्रॅम पोहे, ३० ग्रॅम शेंगदाणे, चमचाभर तेल, वर लिंबू आणि मीठ हात राखून नव्हे. साडेपाचशे किलोकॅलरी होतात. शेंगदाणे, मोहरी, हळद, मिरची घरीच परतून पुडीत नेली तर वीस मिनिटांत काम उरकते. चालताना पन्नास-पन्नास ग्रॅम गूळ आणि भाजलेले खारे दाणे, खिशात, सॅकच्या तळाशी नव्हे. पावणेपाचशे किलोकॅलरी. पन्नास ग्रॅम बिनबियांचे खजूर, त्यांना चावणे जवळजवळ लागत नाही. दुपारी तीन दशम्या आणि दाण्याची चटणी किंवा लिंबाचे लोणचे. दशमीचे पीठ दुधात आणि गुळात भिजवलेले असल्याने ती मऊ राहते आणि दोन दिवस टिकते. पाण्यात भिजवलेली पोळी दुसऱ्या दुपारी चामड्यासारखी होते. पहिल्या दिवसासाठी काकडी आणि संत्री जड असली तरी न्यावीत. उकडलेले बटाटे, ओली भाजी, नारळाची चटणी मार्चमध्ये दुसऱ्या दिवसाला नेऊ नये.

मळमळत असताना सर्वांत आधी पोटात राहते ते सातूचे पीठ. माणशी ५० ग्रॅम सातू, २५ ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ, पाव लिटर पाणी. ना गॅस, ना चावणे, ३०० किलोकॅलरी. मुक्कामी पोहोचताच हे प्यायचे, चहा त्यानंतर.

रात्री मऊ मूगडाळ खिचडी: माणशी १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम डाळ, २० ग्रॅम तूप, सोबत पापड आणि लोणचे. सातशे किलोकॅलरी. पाणी चौपट, म्हणजे माणशी ६०० मिलिलिटर आणि आठ जणांचे जवळपास पाच लिटर. ते वाया जात नाही, पोटातच जाते, पण टाक्यावरून आणावे लागते. म्हणून गटात पाच लिटरचा घडीचा कॅन हवाच. तांदूळ-डाळ त्याच पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवली तर गॅस वाचतो. आडोसा केलेल्या शेगडीवर लिटरभर पाणी उकळायला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, उघड्या वाऱ्यात सहज दुप्पट. दोन रात्रींना २३० ग्रॅमचे दोन डबे आणि एक जास्तीचा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि वाळक्या गवतात ठिणगी पुरते, त्यामुळे चुलीचा विचारही नको. उरलेली खिचडी सकाळी खाऊ नये. गरम हवेत रात्रभर राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते पुन्हा उकळूनही जात नाही.

उलटा धोका

हे सगळे वाचून कोणी तासाला दीड लिटर साधे पाणी पिऊ लागले तर तेही घातक आहे. घामातून मीठ जात असताना नुसते पाणी वाढले की रक्तातले सोडियम पातळ होते. लक्षणे फसवी असतात: डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, म्हणजे तूट असतानाची तीच. फरक प्रश्नांनी कळतो. किती प्यायला? तहान आहे का? लघवी पाण्यासारखी आणि वारंवार होते का? बोटे सुजून अंगठी घट्ट झाली का? उत्तरे ‘भरपूर, नाही, हो, हो’ अशी आली तर साधे पाणी थांबवावे, पापड, लोणचे, खारे दाणे द्यावेत. गोंधळ वाढला किंवा झटका आला तर तडक रुग्णालय. म्हणूनच चालताना तहानेच्या थोडे पुढे, पण तासाला पाऊण लिटरच्या आत राहावे.

तिसऱ्या दिवसाची मांडणी सोपी आहे. कुमशेतला पोटभर जेवून, चार लिटर भरून पहाटे साडेपाचला निघायचे. पाचनईला दुपारच्या आत पोहोचले की घरगुती जेवण आणि पाणी मिळते. तिथे चार वाजेपर्यंत सावलीत थांबायचे, प्रत्येकाला शेवटची लघवी कधी झाली ते विचारायचे आणि ज्याला चार तासांत झालेली नाही त्याला गडावर न नेता पाचनईतच ठेवायचे, सोबत एक जण, दोघांत ओआरएसच्या दोन पुड्या आणि एक भरलेला कॅन.